‘हाय’ असा एक मेसेज

ती घटना विसरावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. पण कुणी मोबाईलवर मागं-पुढं काही न लिहिता नुसतं ‘हाय’ पाठवलं, की ती आजही डोळ्यांपुढं येते आणि माझं डोकं उठतं. भाची पाठवते, शेजारच्या बायका पाठवतात. मी लगेच फोन लावते आणि म्हणते, "बोल गं बाई, काय ते तोंडानं बोल." त्या हसतात. म्हणतात, फौजदारीणबाई म्हाताऱ्या झाल्या. झाले असेन. पण का तसं करते ते ऐका तरी.

मी खात्यात लागले ती शिपाई म्हणून, दहावीच्या जोरावर. पुढचं सगळं ठाण्यातच शिकले. खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले. कॉम्प्युटर शिकले तो तर चाळिशी उलटल्यावर, एका शिपाई पोरीच्या शेजारी स्टूल टाकून. म्हणजे इंटरनेटला नावं ठेवणारी अडाणी बाई म्हणून माझं बोलणं सोडून देऊ नका. मी लाईटबिल मोबाईलवरच भरते आणि नातवंडांचं तोंड त्यातच बघते. माझं भांडण यंत्राशी नाही. कुणाचं नाव सांगणार नाही, कारण ती सगळी माणसं अजून नांदताहेत आणि त्यांनी सुखानं नांदावं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यातला फोन वाजला. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतली एक भाजीवाली बोलत होती. बाई ओळखीची, उगाच फोन करणारी नव्हे.

"बाई, हितं पोरं एका माणसाला मारायला लागल्यात. शूटिंग सगळी करत्यात, सोडवत कोणच न्हाय. पळत या, न्हायतर मरंल त्यो."

ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली. मी आमचे जुने हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघाले. पोचलो तर पस्तिशीतला एक माणूस रस्त्यावर बसलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कुणाच्या तरी घरी जायचं म्हणून घातलेला, आता रक्तानं माखलेला. खालचा ओठ फाटलेला. बाजूला त्याचा रिकामा टेंपो. मारणारे दहा-बारा, बघणारे पन्नास. बघणाऱ्यांतल्या निम्म्यांचे हात वर होते, मोबाईल धरून.

मी आवाज चढवला. "काय केलंय ह्यानं?"

एक तगडा पोरगा पुढं आला. "मॅडम, चार दिवस झालं माझ्या बहिणीला घाण मेसेज करतोय. आज उचलून न्यायला आला. ह्याच्या गाडीत दोर हाय बघा, दोर!"

माणसाला दवाखान्यात पाठवलं, टेंपो ठाण्यात आणायला सांगितला आणि त्या बहिणीला समोर बसवलं. मुलगी बावीसेक वर्षांची, नुकती एका ऑफिसात चिकटलेली. तिनं फोन माझ्या हातात दिला. मी मेसेज वाचायला लागले.

पहिल्या दिवशी ‘हाय’. थोड्या वेळानं परत ‘हाय’. मग ‘फोटो बघितला’. मग ‘अंगानं चांगली’. दुसऱ्या दिवशी ‘हाय’ आणि ‘वय किती’. तिनं नंबर ब्लॉक केला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून ‘हाय’. ‘किंमत बोला’. ‘रोख देतो’. ‘येऊन बघतो, पसंत पडली की लगेच नेतो’.

तेहतीस वर्षांत मी असली माणसं कमी बघितलेली नाहीत. तिनं एकाही मेसेजला उत्तर दिलं नव्हतं. चौथ्या दिवशी भावाला सांगितलं. भावानं तिचाच फोन घेऊन ‘या’ असं लिहिलं, पत्ता दिला आणि दोस्त गोळा करून उभा राहिला. मी मुलीला म्हणाले, "बाळ, तू घरात सांगितलंस ते शंभर टक्के बरोबर केलंस." ते मी आजही म्हणते. पुढं जे निघालं त्यात त्या पोरीची रतीभर चूक नव्हती. परक्या माणसानं किंमत विचारल्यावर कुठल्या मुलीनं गप्प बसायचं?

दुपारपर्यंत तो माणूस गावभर झाला. मेसेजचे फोटो, त्याचा रक्ताळलेला फोटो, टेंपोचा फोटो. ठाण्यातल्या शिपायांच्या मोबाईलवरही आले. एका ग्रुपवर तो एका धर्माचा होता, दुसऱ्यावर दुसऱ्याच. तिसऱ्या ग्रुपवर त्याची टोळी होती आणि टेंपोत म्हणे आणखी दोन पोरी सापडल्या होत्या. टेंपोतला नारळ आणि हळद-कुंकवाच्या पुड्या बघून एका शहाण्यानं लिहिलं होतं, ‘जबरदस्तीनं लग्न लावणार होता.’ मी अजून त्याचं नाव कागदावर घेतलं नव्हतं आणि गावानं निकाल देऊन टाकला होता. ठाण्याच्या फाटकाशी पोरं जमायला लागली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "संध्याकाळच्या आत काय ते ठरवा, नाहीतर बंदोबस्त मागवावा लागेल."

तीनच्या सुमाराला त्याला दवाखान्यातून आणलं. ओठाला टाके. शिरोळकडचा, थोडा ऊस, चार म्हशी, डेअरीला दूध घालणारा. मी समोर मेसेजच्या प्रिंट ठेवल्या.

"हे तूच पाठवलंस?"

"व्हय."

"सगळे?"

"व्हय की. दुसरा नंबर चुलतभावाचा. माझ्या नंबरवरनं जाईना झालतं."

मला जरा नवल वाटलं. असल्या गुन्ह्यात माणूस पहिल्यांदा फोन हरवला म्हणतो, मग दोस्तानं केलं म्हणतो, मग पाया पडतो. हा सरळ ‘व्हय’ म्हणून बसला होता.

"कशाला पाठवलेस?"

"म्हशीसाठनं."

"कुठली म्हैस?"

"त्यांची."

"अरे, ती पोरगी तिसऱ्या मजल्यावर राहते! लिफ्टमधून उतरवणार होतास काय म्हैस?"

"त्ये मला काय ठावं, बाई? जाहिरातीवर नंबर हुता. बोलावलं तितं आलो, आन् मार खाल्ला."

"दाखव जाहिरात."

दाखवणार कुठून? मारामारीत त्याच्या फोनचा चुरा झाला होता. चुलतभाऊ मागून आला होता. तो म्हणाला, म्हशींच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपमधून ह्याला दुपारीच काढून टाकलं, आणि मी त्यात नाही. आणि मुलगी शपथेवर सांगत होती, मी आयुष्यात कुणाला म्हैस विकलेली नाही. मला वाटलं, गडी बनेल आहे, वाटेत गोष्ट जुळवून आलाय. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला माझाही त्याच्यावर विश्वास नव्हता.

"बरं, म्हशीसाठी म्हणतोस. मग ‘हाय’ कशाला?"

"हाय का बगाय."

"कोण हाय का?"

"तीच की."

"तिलाच ‘हाय’ म्हणालास ना? ओळख ना पाळख, ‘हाय’ का म्हणालास?"

"म्हणालो न्हाय ओ, इचारलं. हाय, आसं."

"तेच विचारतेय मी! ‘हाय’ का?"

"हाय का न्हाय, त्येच तर म्या इचारतोय चार दिस!"

मी टेबलावर हात आपटला. "माझी चेष्टा करतोस?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "चेष्टा कशाची करू, बाई? आठ दिसांवर भनीचं लगीन हाय. तिला आंदण द्यायला म्हैस बगत हुतो. कुणी मागितली न्हाय, माझीच हौस. आई-बाप न्हाईत तिला. आता पावण्यांच्या ग्रुपवर माझा फोटू गेलाय. चुलतभावाला त्येंचा फोन आलता, इचार करून दोन दिसात सांगतो म्हणाले. मला आत ठेवा, काय बी करा. पर पावण्यांस्नी कोण तरी सांगा, म्या तसला न्हाय."

माझ्या वाक्याला उत्तर न देता माणूस दुसरंच बोलायला लागला की त्यात बरेचदा खरं असतं. पण ‘बरेचदा’ला कोर्टात किंमत नाही. मी हवालदारांना म्हणाले, सांगतोय तसा जबाब घ्या. आणि चहाला उठले.

इथं आमची एक रीत सांगायला हवी. जबाब लिहून झाला की तो सांगणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग खाली ओळ येते, ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ त्याखाली सही नाहीतर अंगठा. ही ओळ मी हजारो वेळा लिहिली असेल, आणि खरं सांगते, निम्म्या वेळा कंटाळून लिहिली असेल. आमचे हवालदार मात्र त्या बाबतीत कडक. अक्षरन् अक्षर वाचणार.

मी कप घेऊन दारात उभी होते. हवालदार वाचत होते, "सदर मोबाईल क्रमांकावर मी प्रथम ‘हाय’ असा मेसेज पाठविला." ‘हाय’ त्यांनी म्हटलं ते टीव्हीतली पोरं म्हणतात तसं, तुटक आणि जरा लाडात.

"आसं न्हाय," तो माणूस म्हणाला.

"काय असं नाही?"

"आसं न्हाय लिवलं म्या."

"अरे, हे बघ की. ह अक्षराला काना, य. हाय. तुझाच मेसेज, ही प्रिंट."

"लिवलंय बरोबर. वाचताय चुकीचं."

"आता तुझ्याकडनं वाचायला शिकू काय रे मी?"

"‘हाय’ न्हाय ओ हवालदार," तो फाटक्या ओठानं म्हणाला, "हाऽऽय?" आणि शेवटाला आवाज वर नेला. "म्हैस हाऽय? का इकली?"

मी कप खाली ठेवला. मी जन्मानं कोल्हापूरची. ‘हाय’, ‘न्हाय’, ‘व्हय’ ऐकत वाढले. घरात आजही ‘जेवाण हाय का’ असंच विचारते. सकाळी त्या भावानं ‘गाडीत दोर हाय बघा’ म्हटलेलं माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि तेच दोन अक्षरी सोपं मराठी मोबाईलच्या काचेवर दिसलं, तेव्हा मी ते इंग्रजीत वाचलं. मुलीनं वाचलं, भावानं वाचलं, साऱ्या गावानं वाचलं. एकालाही वाटलं नाही की मोठ्यानं म्हणून बघावं.

मी प्रिंट ओढून घेतली आणि सगळे मेसेज बाजारात म्हणतात तसे मोठ्यानं वाचले. हाय? फोटो बघितला. अंगानं चांगली. वय किती? किंमत बोला. रोख देतो. येऊन बघतो, पसंत पडली की लगेच नेतो. हवालदारांनी चष्मा काढला आणि टोपीनं तोंड झाकून हसायला लागले. मला हसू येईना. आणखी दोन मेसेज होते, ते मी इथं लिहीत नाही. म्हशीबद्दल विचारले तर ते अगदी साधे प्रश्न आहेत.

"अरे माणसा," मी म्हणाले, "‘म्हैस’ एवढा एक शब्द लिहायला काय झालं होतं तुला?"

"म्हशीम्होरं हुबा ऱ्हाऊन कोण म्हैस म्हणतंय, बाई? बाजारात मालकाला इचारायचं, हाय? त्यो म्हणतोय, हाय. वय? किती? झालं. इकणाऱ्याला म्हाईत आसतंयच की काय इकायचंय त्ये."

"आणि पोरीचा फोटो होता की नंबरावर. तो दिसला नाही?"

"दिसला. मालकाची लेक आसंल म्हणलं. आमच्यात म्हशीचं समदं बायकाच बगत्यात."

बघा म्हणजे. बाजारात म्हैस समोर असते, दावं मालकाच्या हातात असतं, गिऱ्हाईकाचा हात तिच्या पाठीवर असतो. तिथं दोन शब्दांत व्यवहार होतो, कारण बाकीचं सगळं डोळ्यांपुढं उभं असतं. ह्यानं तो आख्खा बाजार मनात धरला आणि त्यातले फक्त दोन शब्द पाठवले. पलीकडं पोरगी ऑफिसात बसलेली. तिच्यापुढं ना बाजार, ना म्हैस.

एवढ्यात शिपायानं टेंपोचा पंचनामा आणून ठेवला. त्यात एक सुती दावं, एक घुंगरांची माळ, नव्या म्हशीच्या पूजेचा नारळ, हळद-कुंकू आणि कडब्याच्या दोन पेंढ्या. ग्रुपवरच्या फोटोत दोर होता, नारळ होता, हळद-कुंकू होतं. पेंढ्या नव्हत्या. फोटो काढणाऱ्यानं पाहिजे तेवढंच काढलं होतं. पंचनाम्यात तसं चालत नाही, पडलेली काडीसुद्धा लिहावी लागते. मी ते कागद घेऊन साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, "पण तो पोरीला न्यायला आला नव्हता कशावरून?" मी म्हणाले, "साहेब, नवरी कडबा खात नाही."

साहेब हसले, पण पुरावा मागितला. आणि बरोबरच होतं ते. जाहिरात सापडत नाही तोवर सगळी गोष्ट हवेत.

मी त्या म्हशींच्या ग्रुपच्या चालकाला फोन लावला. शिरोळकडचाच एक पशुखाद्याचा दुकानदार. "मॅडम, ग्रुपची बदनामी नको म्हणून त्याला काढला ओ."

"चौकशी केलीस?"

"चौकशी कशाला? फोटोच आलता की."

शिव्या तोंडात आल्या होत्या, गिळल्या. अर्ध्या तासात त्यानं जाहिरात पाठवली. काळीभोर, अंगानं खरंच चांगली म्हैस. खाली लिहिलेलं, ‘अर्जंट विकणे आहे. फोन करू नये, फक्त मेसेज करावा.’ आणि नंबर त्या मुलीचा. आकडान् आकडा तोच.

मुलीला परत बोलावलं. तिनं जाहिरात बघितली आणि रडकुंडीला आली. "मॅडम, हे सिम मी दोन महिन्यांपूर्वीच घेतलंय." तिथं माझी ट्यूब पेटली. नंबर बंद पडला की काही दिवसांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. सायबर शाखेकडून आधीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता काढला. निघाला आजऱ्याकडचा. तिथल्या ठाण्यातला शिपाई त्याच्या घरी गेला आणि स्वतःच्या फोनवरून मला जोडून दिलं.

"म्हैस विकायची आहे का तुमची?" मी विचारलं.

"कुठली ओ? ती काळी व्हय? ती कवाच इकली. दोन येतं झाली असतील की आता तिची, दोनदा व्याली असंल."

"मग जाहिरात अजून फिरतेय ती?"

"ती मी एकदाच टाकलती, बाई. एकाच ग्रुपवर. म्हैस गेली दावणीवरनं, पर जाहिरात काय जाईना. लोकं मेसेज करून जीव खायला लागली. शेवटाला वैतागून नंबरच बंद केला बघा. आता निवांत हाय."

हा निवांत! त्याची पीडा त्यानं गटारात टाकावी तशी टाकून दिली आणि ती वाहत जाऊन कुणाच्या दारात लागेल याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. पण त्याला तरी काय म्हणू? बाजारात जनावर विकलं की ते पुन्हा त्याच जागी विकायला उभं राहत नाही, एवढंच त्याला ठाऊक. आणि गुन्हा लावायचा तर कुठला लावू, म्हैस विकल्याचा?

संध्याकाळी मी भाऊ-बहिणीला समोर बसवून सगळं सांगितलं. पोरगा म्हणाला, "पण मॅडम, मेसेज तसेच होते."

"वाचायला मीपण चुकले," मी म्हणाले. "पण मी वाचून हात उचलला नाही. आणि फोटो काढून गावाला वाटले नाहीत."

बहीण त्याच्यावर एकदम कडाडली. "मी तुला मारायला सांगितलंतं? पोलिसांत जाऊया म्हटलेलं मी! तू म्हणालास, मी बघतो. काय बघितलंस?"

मारहाणीचा गुन्हा पोरांवर नोंदवला. ते सुटण्यासारखं नव्हतं आणि मला सोडायचंही नव्हतं. भावानं ग्रुपवर माफी टाकली, ती मी स्वतः बघितली. सकाळच्या फोटोखाली शिव्यांची रांग लागली होती. माफीखाली तीन अंगठे आले, आणि चौथ्यानं लगेच कुठल्या तरी मॅचचा व्हिडिओ टाकला. संपलं.

तो माणूस मात्र ठाण्याच्या बाकावर तसाच बसून. मी म्हणाले, "सुटलास तू. जा घरी."

"घरी जाऊन भनीला काय सांगू? पावण्यांचा फोन न्हाय अजून."

माझी ड्युटी तिथं संपत होती. त्याच्या बहिणीचं लग्न हे काही पोलिसांचं काम नव्हे. पण मला झोप लागली नसती. मी साहेबांची परवानगी काढली. म्हणाले, फिर्यादी, आरोपी, सगळ्यांचे जबाब पूर्ण झालेत, उद्या एक फेरी मारून येते. मुलगी दारातच उभी होती, तिनं ऐकलं.

"मॅडम, मीबी येतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी ‘येते’ नाही, ‘येतो’च म्हणतात.

"तू कशाला बाळ? तुला त्रास."

"त्यांनी तुमचं का ऐकावं? पोलीस काय पैशे खाऊनबी येतात म्हणतील. ती मुलगी मीच हाय म्हटल्यावर मग बोलतील का?"

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला ते सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पाहुण्यांच्या गावी गेलो. मी, हवालदार आणि ती मुलगी. तो माणूस आला नाही, त्याला तोंड दाखवायचं धाडस नव्हतं. नवऱ्या मुलाचा बाप साठीचा, भक्कम शेतकरी. दारात पोलिसांची गाडी बघून त्याचा चेहराच उतरला. पाणी आलं, गूळ आला. हवालदारांनी जबाब काढला आणि ठाण्यात वाचतात तसा मोठ्यानं वाचला, ‘हाय’ आता बरोबर म्हणून. मग मुलगी म्हणाली, "काका, ती मुलगी मीच. त्या माणसानं मला काय केलेलं न्हाय. मार त्यानं खाल्लाय."

घरातल्या बायका चौकटीपर्यंत आल्या होत्या. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"मला कळलं, बाई," तो म्हणाला. "पोरगीबी चांगली हाय त्येंची. पर आमच्या भावकीचा ग्रुप हाय. साठ माणसं हायत त्यात. समद्यांनी फोटू बगितला. त्येंच्यात मी खाली मान घालू? त्येंस्नी कोण सांगणार?"

तिथं माझा पारा गेला. दोन दिवस धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "अहो, कुठं राहतात ही साठ माणसं? अमेरिकेत?"

"न्हाय. हितंच की. ह्याच गल्लीत."

"ह्या गल्लीत?"

"व्हय. त्यो पलीकडं चुलता, ह्यो शेजारी मधला भाऊ, त्या टोकाला..."

"मग हाक मारा की त्यांना! फोन ठेवा खाली आणि हाक मारा!"

म्हातारा उठला, उंबऱ्यात गेला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि असा आवाज काढला की माझ्या कानाला दडे बसले. "आरं ए! या की रं समदी! पोलीस आल्यात हितं, काय म्हणत्यात ऐका येऊन!"

पोलीस म्हटल्यावर कोण येणार नाही? पाच मिनिटांत अंगण भरलं. पुरुष, बायका, दुधाची किटली घेऊन चाललेला एक जण, पदराला हात पुसत आलेल्या दोघी. मुलगी आधी थोडी घाबरली, मग पायरीवर उभी राहिली. हवालदारांनी जबाब परत पहिल्यापासून वाचला. ‘येऊन बघतो, पसंत पडली की लगेच नेतो’ला बायकांनी तोंडाला पदर लावले आणि ‘वय किती’ला एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मग? म्हशीचं वय नको बगाय? काय खुळी का काय ही शिकलेली माणसं!" अंगण हसलं. ह्याच माणसांनी काल फोटोखाली शिव्या लिहिल्या होत्या, पण तेच मेसेज तोंडानं म्हटलेले ऐकल्यावर त्यांना एका मिनिटात कळलं.

म्हाताऱ्यानं माझ्यादेखत चुलतभावाच्या नंबरवर नवरीच्या भावाला फोन लावला. "पावणं, म्हैस न्हाय गावली तर ऱ्हाऊ दे. म्हैस नको आमास्नी. तू मात्र मांडवात पायजेस, टाकं असू द्यात न्हायतर नसू द्यात."

लग्न ठरल्या दिवशी झालं. मला पत्रिका आली होती, ड्युटीमुळं जाता आलं नाही. मुलगी जाऊन आली. सांगत होती, नवरीचा भाऊ ओठाला रुमाल लावून पंगतीत वाढत होता आणि सगळ्यांना आग्रह करत होता.

लोक मला विचारतात, सायबर गुन्हे कसे टाळायचे. ओटीपी देऊ नका, लिंक दाबू नका, ते सगळं मी सांगते आणि ते बरोबरच आहे. पण ह्या प्रकरणात फसवणारा कुणी नव्हताच. म्हैस विकणारा खरा, घेणारा खरा, पोरीची भीती खरी. सगळी खरी माणसं एकत्र येऊन एका माणसाचा जीव घ्यायला निघाली होती, कारण चार दिवसांत एकानंही दुसऱ्याचा आवाज ऐकला नाही. शिरोळचा माणूस आजऱ्याची म्हैस घरबसल्या बघतो, ही केवढी सोय! मी मान्य करते. पण साठ माणसांची भावकी एका गल्लीत राहते आणि सख्ख्या पाहुण्याची अब्रू मोबाईलवर वाचते, ह्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. माझा आपला साधा हिशेब आहे. ज्याच्याबद्दल वाईट वाचलं, तो हाकेच्या अंतरावर असेल तर आधी हाक मारा. लांब असेल तर फोन करा. दोन्ही जमत नसेल तर निदान वाचलेलं एकदा मोठ्यानं म्हणा, आणि तोवर ते पुढं पाठवायला अंगठा दाबू नका.